आईची सही

माझं दुकान हैदराबादच्या विद्यानगरला, विद्यापीठाच्या बाजूच्या एका गल्लीत आहे. झेरॉक्स, प्रिंट आणि मुख्य म्हणजे प्रबंधांची बांधणी. काळं किंवा गर्द लाल रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरं. गेली अठरा वर्षं मी दुसऱ्यांचे कागद क्रमानं लावून, शिवून, कापून देतो आहे. त्यामुळे बायकोच्या व्हिसासाठी माझेच कागद कमी पडले असा ईमेल आला, तेव्हा मला आधी हसू आलं. मग तो पुन्हा वाचला आणि हसू गेलं.

बायको इथिओपियाची. लग्नानंतर तिला इथं राहायला एक वर्षाचा व्हिसा मिळाला होता. तो संपत आला होता, म्हणून आम्ही मुदत वाढवून मागितली होती. परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयानं कळवलं होतं की पतीच्या उत्पन्नाचा पुरावा पुरेसा वाटत नाही. पंधरा दिवसांत योग्य ती कागदपत्रं जोडावीत, नाहीतर अर्ज निकाली काढण्यात येईल.

आमची ओळख दुकानातच झाली. ती ज्वारीवर संशोधन करायला हैदराबादला आली होती. कमी पाण्यावर तग धरणारी ज्वारी त्यांच्याकडेही पिकते, आपल्या दख्खनमध्येही. चार वर्षं हॉस्टेलला काढून ती प्रबंध बांधायला माझ्याकडे आली आणि पहिल्याच पानावर अडली. त्यांच्याकडे आडनाव नसतं. आपलं नाव, पुढे वडिलांचं, त्यापुढे आजोबांचं, संपलं. विद्यापीठाच्या नमुन्यात मात्र आडनावाचा रकाना रिकामा चालत नव्हता. शेवटी आजोबांचं नाव तिथं घातलं. सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवत ती म्हणाली, "माझे आजोबा कधी गावाबाहेर गेले नाहीत. आता हैदराबादला येऊन पुस्तकावर बसले."

त्या वेळी मी चाळिशीला टेकलो होतो आणि लग्नाचा विषय घरात बंद झाला होता. हिच्याशी लग्न करायचंय असं आईला मी सांगितलं तेव्हा ती ओसरत्या उन्हात बसून मटार सोलत होती. एक शेंग सोलून दाणे ताटलीत टाकले. मग विचारलं, "त्यांच्याकडे जेवायला काय असतं?"

"ज्वारी," मी म्हणालो. हे पूर्ण खरं नव्हतं, पण अगदी खोटंही नव्हतं.

"भाकरी करतात?"

"नाही. पीठ आंबवून तव्याएवढं मोठं धिरडं करतात."

"म्हणजे आंबोळीच की," आई म्हणाली. आणखी दोन शेंगा सोलल्या. "आणून भेटव एकदा."

आई जामबागच्या मराठी शाळेत मराठी शिकवायची. तीस-पस्तीस वर्षं. या भागातली निम्मी मराठी माणसं तिला अजून 'बाई' म्हणतात. वडील गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी तिला कंपवाताचा त्रास सुरू झाला. आधी फक्त उजव्या हाताची बोटं, मग सगळा हात. चहाचा कप आम्ही अर्धाच भरायला लागलो. बायको घरात आल्यावर तिनं न सांगता आईसाठी वेगळा कप काढला. त्यांच्याकडचा, कानाशिवायचा, बुटका, दोन्ही तळव्यांत धरायचा. आईनं तो हातात घेऊन उलटासुलटा बघितला. दुसऱ्या दिवशी चहा त्यातच मागितला.

तर, कागद.

नारायणगुड्याला चपलांच्या एका दुकानावर जिना चढून गेलं की एका सीएंचं ऑफिस लागतं. ते आईचे विद्यार्थी. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे. मी ईमेल दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचला.

"रिटर्न्स दे दोन वर्षांची."

"भरलीच नाहीत कधी. तेवढं उत्पन्नच नव्हतं."

"अरे राजा, नव्हतं हे सांगायलाच भरायची असतात."

मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत. गल्ल्यात जे येतं त्याची वही आहे का, विचारलं. नव्हती. भाड्याची पावती? मालक देत नाही. शेवटी म्हणाले, "मग बँकेचं स्टेटमेंट तरी आण. दोन वर्षांचं."

ते मी माझ्याच मशीनवर काढलं. एकशे चौसष्ट पानं झाली. आता विद्यार्थी सगळे फोनवरून पैसे पाठवतात, आणि माझ्याकडचे पैसे म्हणजे काय, तर बारा रुपये, वीस रुपये, पस्तीस रुपये. एकेका पानावर तीस-तीस ओळी. अमक्याचे सहा रुपये, तमकीचे चाळीस. बघता बघता मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. या एवढ्या कागदांत एका माणसाला पोसण्याचा पुरावा कुठं आहे?

घरी आल्यावर बायकोनं गठ्ठा ताब्यात घेतला. "मी बघते," म्हणाली. पिवळा मार्कर घेऊन जमिनीवर बसली. सीएंनी मोठ्या रकमांवर खूण करायला सांगितली होती, त्या बांधणीच्या रकमा. मी भात लावला, आईला गोळी दिली, तरी ती मान वर करेना. मग एकदम हसली.

"काय झालं?"

"हे बघ. ही मी."

तिचं नाव होतं. आठ रुपये. तिनं पान उलटलं. पुन्हा तिचं नाव, चार रुपये. मग दोन रुपये. पुन्हा दोन. सत्तावीस वेळा निघालं.

"एवढ्या वेळा कशाला आली होतीस?" मी विचारलं. "प्रबंध तर एकदाच छापला."

"एक-एक पान छापायला," ती म्हणाली. "हॉस्टेलमध्ये प्रिंटर होता."

ही गोष्ट लग्नाला वर्ष होत आलं तरी तिनं मला सांगितली नव्हती. त्या दोन-दोन रुपयांच्या ओळींवरही तिनं पिवळा मार्कर फिरवला. सीएंनी नंतर विचारलं, ह्या का रंगवल्या? मी म्हणालो, चुकून.

पण सीएंचा हिशेब काही जमेना. मागची रिटर्न्स दंड भरून देता येतील, ती देऊच, ते म्हणाले, पण आकडा बारीकच दिसणार. "घरात नियमित उत्पन्न आणखी कोणाचं?"

"आईची पेन्शन."

"मग झालं की! बाईंनी हमीपत्र द्यायचं. मी सुनेचा खर्च चालवीन, असं. सोबत पेन्शनचा दाखला, मुदत ठेवीचा दाखला. आणि हमीपत्रावर बाईंची सही. बँकेनं ती त्यांच्याकडच्या सहीशी ताडून शिक्का मारायचा. त्या कागदाला वजन आहे."

जिना उतरून मी चपलांच्या दुकानासमोर थांबलो. एक्केचाळीस वर्षांचा माणूस मी. बायकोला पोसतो हे सांगायला मला आई लागत होती. आणि आईच्या हाताचं काय झालं आहे ते सीएंना ठाऊक नव्हतं. पेन्शन मी कार्डानं काढून आणायचो. गेल्या पाच-सहा वर्षांत तिनं कशावरही सही केली नव्हती.

मी आईला काही बोललो नाही. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर बायकोनं कपाटातले स्वेटर काढून घडी करून ठेवलेले. हैदराबादला स्वेटर लागत नाहीत. ते तिच्या घरचे, डोंगरावरच्या थंडीचे.

"हे काय?"

"मी जाऊन येते," ती म्हणाली. आमचं दोघांचं बोलणं म्हणजे इंग्रजी, मराठी आणि तिनं हॉस्टेलच्या मेसमध्ये उचललेली दखनी, अशी खिचडी असते. परेशान झाली की ती दखनीवर येते. "दो महीने, तीन महीने. तुम आरामसे काग़ज जमा करो. फिर आती मैं."

"आणि परत येऊ दिलं नाही, तर?"

"कैकू नहीं देंगे?"

मी म्हणालो की तू गेलीस तर मी दुकान बंद करून तिकडे येईन. ती म्हणाली, आणि आई? मी तिच्या हातातला स्वेटर ओढला, तिनं सोडला नाही. आम्ही तसेच दोन बाजूंनी तो धरून उभे राहिलो. भांडणही नीट येत नव्हतं आम्हाला.

आईच्या खोलीतून काठीचा आवाज आला. ती दारात येऊन उभी राहिली. हातात एक कापडी पिशवी. ती पलंगावर ठेवायला तिला वेळ लागला.

"ह्यात पेन्शनचे सगळे कागद आहेत," ती म्हणाली. "पहिल्या नेमणुकीच्या आदेशापासून. वर्षवार लावलेत. काय पाहिजे ते काढ." मग माझ्याकडे बघून, "नारायणगुड्याहून फोन आला होता. मला विचारायचंस तरी."

"आई, सही लागणार आहे. बँकेत. तुझी जुनी सही."

आईनं हात पुढे केला आणि स्वतःच त्याच्याकडे बघितलं. हात थरथरत होता.

"करू की सराव," ती म्हणाली.

रोज दुपारच्या जेवणानंतर आई बायकोला मराठी लिहायला शिकवायची. माझ्या दुकानात वाया गेलेल्या प्रिंटच्या कोऱ्या बाजू, शिसपेन्सिल आणि पट्टी. बायकोची भाषा निराळ्या लिपीतली, तिच्यातही अक्षराला खाली-वर फाटे फुटून बाराखडी होते, त्यामुळे काना-मात्रा तिला पटकन कळल्या. बोलताना मात्र ती 'मी आलो', 'मी गेलो' म्हणायची आणि आई दरवेळी 'आले, गेले' म्हणून दुरुस्त करायची. आता त्या टेबलाशी दोघी लिहायला बसू लागल्या. मधोमध जुनं पासबुक उघडं. त्यावर आईची सही. पहिल्या अक्षराला मोठा वळसा, शेवटी खालून एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. इकडे बायकोचा 'कमळ, नमन, गवत', तिकडे आईची सही. स्वतःच्याच सहीची नक्कल करायची वेळ आली होती तिच्यावर.

तीन दिवसांत आम्हाला एवढं कळलं की सकाळची गोळी घेतल्यावर साधारण तासाभरानं हात जरा निवतो आणि दीड-दोन तास बरा राहतो. तेवढ्या वेळात पाचांतल्या दोन सह्या जमायच्या. वळसा यायचा, रेघ जरा तिरपी, पण ओळखू येईल अशी.

चौथ्या दिवशी एक गोष्ट झाली. मी जेवायला घरी आलो होतो. आईनं दमून पेन्सिल ठेवली होती. बायकोनं सहज तिच्याच कागदावर, एका दमात, ती सही केली. वळसा, रेघ, दोन टिंबं. तिनं मराठी अक्षर आईकडूनच गिरवलेलं, त्यामुळे वळणही आईचंच. पासबुकाशेजारी कागद ठेवला तर कोणती कोणाची सांगता आलं नसतं.

तिघंही त्या कागदाकडे बघत राहिलो. माझ्या मनात जे आलं तेच त्या दोघींच्याही मनात आलं असणार.

आईनं कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला. "चांगलं वळण आलंय तुला," ती म्हणाली. आवाजात कौतुक होतं, खरं कौतुक. मग तिनं तो कागद फाडायला घेतला. हात साथ देईना, तेव्हा बायकोकडे दिला. "बारीक तुकडे कर. हे घरात राहता कामा नये."

बायकोनं तुकडे केले. मग आईच्या गुडघ्यावर डोकं टेकवून बसली.

बँकेत जायचं शुक्रवारी ठरवलं. रिटर्न्सची कामं उरकून सीएंकडून हमीपत्राचा मसुदा यायला गुरुवार उजाडला होता. मुदत सोमवारी संपत होती. शनिवार महिन्यातला चौथा, म्हणजे बँका बंद, मग रविवार, आणि सोमवारी उगादीची सुट्टी, म्हणजे आपला पाडवा. शुक्रवार हाच दिवस होता.

दहाला आईनं गोळी घेतली. साडेदहाला आम्ही रिक्षात. आईनं शाळेत नेसायची तशी फिकट निळी सुती साडी नेसली होती आणि पर्समध्ये स्वतःचं पेन घेतलं होतं. तिचं पेन्शनचं खातं शाळेजवळच्याच बँकेत, जामबागच्या बाजूला. अकराला पाच मिनिटं असताना आम्ही आत पोचलो. सगळं वेळेवर होतं.

आत मार्च अखेरची गर्दी होती. टोकन मिळालं आणि दहा मिनिटांत सगळे पडदे गोठले. "सर्वर डाउन," कोणीतरी ओरडलं. पंखे फिरत होते, माणसं उभी होती. आई बाकावर मधे, आम्ही दोघं दोन बाजूंना. साडेअकराला तिनं हात पुढे करून दाखवला. जवळजवळ स्थिर. "आत्ता केली असती," ती म्हणाली. मी काउंटरवर जाऊन विनंती केली. तिथल्या बाई म्हणाल्या, सिस्टीममध्ये जुनी सही दिसल्याशिवाय मी ताडणार कशाशी?

बारा वाजले. साडेबारा. बायकोनं आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन मांडीवर ठेवला होता, गरम ठेवल्यानं उपयोग होईल असं तिला वाटत होतं. एकाला पडदे उजळले. आमचा नंबर आला तेव्हा सव्वा वाजून गेला होता, आणि दुपारची गोळी दोनच्या आधी घ्यायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. ती घेऊन हात निवायला तीन वाजले असते, आणि काउंटर अडीचला बंद होणार होतं.

काउंटरवरच्या अधिकारी तरुण होत्या, तेलुगू बोलणाऱ्या. त्यांनी खुर्ची मागवली. आईनं स्वतःचं पेन काढलं. मी कागद दाबून धरला. पहिली सही वळशातच भरकटली. मी दुसरी प्रत दिली. दुसरी त्याहून वाईट. तिसऱ्या वेळी आईनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, ओठ घट्ट मिटले, आणि पेन कागदातून पार गेलं.

अधिकारी बाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर आईची सही होती, कधीतरी खातं उघडताना केलेली. "अम्मा, ये नहीं मिलती," त्या हळू म्हणाल्या.

आई पडद्याकडे बघत होती. "किती छान होती," ती म्हणाली. कोणा तिसऱ्याच बाईबद्दल बोलावं तसं.

मी डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांची फाइल पुढे केली. त्यांनी चाळली, मॅनेजरशी बोलून आल्या, आणि अडखळत म्हणाल्या, "अम्मा, अंगूठा लगाते? चलता है. दो गवाह होना, बस."

मला वाटलं, इथंच संपलं. आईला अंगठा! शाळा सुटल्यावर संध्याकाळी मागच्या बस्तीतल्या बायकांना सही शिकवायला जायची ती. धुणीभांडी करणाऱ्या, मंडीत फुलं विकणाऱ्या. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचा नाही, हे त्या वर्गाचं पहिलं वाक्य असायचं. मी लहान असताना तिच्याबरोबर जायचो, मला ते पाठ होतं.

बायकोला हे सगळं माहीत नव्हतं, पण तिनं आईचा चेहरा बघितला. ती खुर्चीशेजारी खाली बसली. "नक्को आई. मी जाऊन येते. खरंच. फक्त दोन महिने."

आई तिच्याकडे बघत राहिली. तिच्या केसांवरून हात फिरवायला गेली, हात कपाळाला लागला, तसाच तिथं ठेवला.

"पॅड मागवा," ती अधिकारी बाईंना म्हणाली. मराठीतच म्हणाली. पण त्यांना कळलं.

एक साक्षीदार मी, माझं खातं त्याच बँकेत. दुसरा बँकेच्या ओळखीचा हवा होता. मी नारायणगुड्याला फोन लावला. सीए वीस मिनिटांत आले, हातात हेल्मेट, कपाळावर घाम. सगळं ऐकलं आणि आईच्या पाया पडायला वाकले. आई म्हणाली, "अरे, बँकेत काय हे. आधी काम."

अधिकारी बाईंनी आईचा अंगठा हलकेच शाईवर टेकवला, मग उरलेल्या प्रतीवर. निळा, गोल, नीट उठला. खाली मी सही केली. सीएंनी पेन घेतलं आणि आधी त्या निळ्या ठशाकडे बघितलं. "बाई," ते म्हणाले, "माझी पहिली सही तुम्ही करवून घेतली होती. सातवीत. ग्रंथालयाच्या कार्डावर."

"माहीत आहे. तू रेघ मारायला विसरायचास," आई म्हणाली.

त्यांनी सही केली आणि खाली रेघ मारली. शिक्का बसला. बायकोनं आपल्या ओढणीचं टोक भिजवून आईचा अंगठा पुसला. शाई सगळी गेली नाही.

परतीच्या रिक्षात आई बाहेरच्या फुलवाल्या बायकांकडे बघत होती. मग एकदम बोलायला लागली. "माझ्या त्या वर्गात एक बाई यायची. फुलं विकायची, इथंच, जामबागेत. महिनाभर आली, पण तिला सही येईना. अक्षर सारखं फिस्कटायचं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, मन लावत नाहीस तू. दुसऱ्या दिवसापासून आली नाही ती." रिक्षा सिग्नलला थांबली. "तिच्या हाताला काय झालं होतं, मी विचारलंच नाही रे."

बायकोनं विचारलं, "नाव काय होतं तिचं?" आईनं सांगितलं. बायकोनं ते नाव दोनदा उच्चारून बघितलं, नीट जमेपर्यंत. बस, एवढंच. आई मागे टेकून बसली आणि तिनं डोळे मिटले.

रविवारी मी दुकान उघडून एकटाच बसलो आणि सगळे कागद स्कॅन केले. नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळाला मोठी फाइल चालत नाही, म्हणून एकशे चौसष्ट पानांचे तुकडे पाडले, प्रत्येकाला क्रमांक दिला. हमीपत्र चार वेळा स्कॅन केलं. अंगठ्याच्या रेषा स्पष्ट यायला हव्या होत्या. अर्ज पुढे गेला. सोमवारी आम्ही गुढी उभारली. बायकोनं सांगितलं की त्यांचं नवीन वर्ष सप्टेंबरात येतं. आई म्हणाली, बरं झालं, वर्षातून दोनदा गोड.

मधे एकदा पोलीस चौकशीला आले. मध्यमवयाचे, सौम्य. हे जोडपं इथं खरंच राहतं का ते बघायला. त्यांनी बायकोला विचारलं, यहाँ कैसा लगता? ती म्हणाली, "अच्छा लगता भाई, मगर गर्मी भोत है." ते इतके हसले की वही बाजूला ठेवली. जाताना आईला म्हणाले, "अम्मा, काग़ज में लिखा है आप इनको संभालते."

"काग़ज में मैं संभालती," आई म्हणाली. "घर में ये मेरे को संभालती. वो भी लिख लेव."

त्यांनी लिहिलं की नाही, माहीत नाही.

मंजुरी आली ती भर मे महिन्यात, दुपारी. कोणाच्यातरी प्रबंधाला फेविकॉल लावत होतो, फोन वाजला, बोटं चिकट असतानाच ईमेल उघडला. मुदत एक वर्षानं वाढवली होती. मी शटर खाली ओढलं आणि त्या उन्हात घरी चालत गेलो. रिक्षा करायचं सुचलं नाही.

बायकोनं ईमेल स्वतः वाचला, मग आईला वाचून दाखवला, मराठीत भाषांतर करत, अडखळत. आणि लगेच आपल्या आईला फोन लावला. पलीकडून आधी लांबलचक विचारपूस, त्यांच्या पद्धतीची, मग शांतता, मग रडणं. आईनं हात पुढे केला. "दे मला."

फोन तिच्या कानाशी बायकोनं धरला. "अहो, मुलगी इथंच राहतेय हो," आई म्हणाली. "काळजी करू नका. जेवते व्यवस्थित. जरा बारीक झाली होती, आता होईल नीट." पलीकडून त्यांच्या भाषेत पुष्कळ काही आलं. आई ऐकत होती, "हो, हो," म्हणत होती. मग ती पुन्हा बोलली, यंदाच्या उन्हाळ्याबद्दल, आमच्या दुकानाबद्दल. मग पुन्हा तिकडून. बायको दोघींच्या मधे फोन धरून उभी होती. तिनं एकदाही भाषांतर केलं नाही.

दहा मिनिटं तरी चाललं असेल. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "चांगल्या बाई आहेत." मग पानं घ्यायला सांगितलं, कारण तीन वाजत आले होते आणि आम्हा तिघांचंही जेवण राहिलं होतं.